मुलाचा रिपोर्ट, मुलीचं स्थळ

मैत्रिणींनो, आज मी माती खाल्ली.

माझ्या ओंकारला ॲक्यूट ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे, हे ग्रुपवर माहीत आहेच. सकाळी त्याचा रिपोर्ट मोबाइलवर आला. त्यात 'जेनेटिक' शब्द दिसला. म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे, त्याच्या बहिणीतही असणार, असं मी धरून चालले.

माझ्या मुलीचं, ऋचाचं लग्न घाटकोपरला जमत आलं होतं. मुलगा तिला आवडलाही होता. उद्या ते लोक फसवलं म्हणतील, या भीतीने मी तिला न विचारताच फोन करून नकार कळवला.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "अहो, हा जनुकांतला बदल फक्त त्याच्या आजारी पेशींत, नंतर झालाय. तुमच्याकडून आलेला नाही. मुलीची काळजी नको."

घरी आले तेव्हा ऋचा भावासाठी मऊ भात करत होती. सगळं सांगितलं. गॅस बंद करून ती एवढंच म्हणाली, "तू फोन केलास तेव्हा मी बाजूच्याच खोलीत होते ना, आई."

त्या लोकांना पुन्हा फोन करेन, हवं तर पाया पडेन. पण हिच्याशी काय बोलू, सांगा ना कुणीतरी.