चमचा न लागलेला गहू

स्लावाच्या सणाला कुणाला बोलवायचं नसतं. घराण्याच्या संताचा दिवस साऱ्या गावाला तोंडपाठ असतो. ज्याला यायचं तो येतो, आणि ‘या हं’ म्हणून दारोदार सांगत फिरणं म्हणजे आपण होऊन घराची शोभा करून घेणं. रोसांदाचं सगळं आयुष्य या रीतीत गेलं. नवरा चेदोमिर होता तोवर संत लूकच्या दिवशी ओसरीवर बूट काढायला जागा उरत नसे. तो गेला त्या वर्षी घर सुतकात होतं, त्यामुळे कुणी आलं नाही. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. मुलगा सिनिशा व्हिएन्नाला असतो. त्याला बाळ झालं आणि त्याने स्लावाचा पाव तिकडेच कापायचं, म्हणजे सण आपल्या घरी करायचं ठरवलं. बातमी कशी कोण जाणे, आईच्या आधी गावात पोचली. दुकानात शेजारीण यागोदा सगळ्यांसमोर म्हणाली, “तुझी स्लावा गेली ना गं व्हिएन्नाला? बरं झालं, सुटलीस एकदाची.” नाही, मी इथे करणार आहे, असं रोसांदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भरल्या दुकानात ते म्हणणं म्हणजे आमंत्रणच की. तिने यीस्टची पुडी पिशवीत टाकली आणि गुमान घरी आली.

त्याच आठवड्यात सिनिशाचा फोन आला. त्याला भिंतीवरची संताची तसबीर हवी होती. स्लावा आता त्याची, तर तसबीरही त्याच्याकडेच शोभेल, आणि तिथे आता येतंय कोण, असं त्याचं म्हणणं. हे शेवटचं तिला झोंबलं. “येतात की,” ती म्हणाली. “घर भरतं आपलं. त्या दिवशी फोन कर आणि डोळ्यांनी बघ. कुणी नाही आलं, तर खुशाल घेऊन जा तसबीर.”

आदल्या दिवशी तिने पाव आणि शिजवलेला गोड गहू खालच्या गावच्या चर्चमधून पवित्र करून आणला. लूकच्या सकाळी उजाडायच्या आत ती किफ्ल्यांना, चीज भरलेल्या छोट्या गुंडाळ्यांना, लागली. यंदा वार उपासाचा नव्हता, तेव्हा चीजला आडकाठी नव्हती. कोमट दुधात यीस्ट फुलवलं, त्यात दही, तेल, अंडं घालून पीठ मळलं. पीठ हाताला जरासं चिकटत असतानाच थांबायचं, हे शिकताना तिने सासूची भरपूर बोलणी खाल्ली होती. पीठ टम्म फुगल्यावर तिने पातळ पोळ्या लाटल्या, एकीवर चरबी फासून दुसरी ठेवली, त्रिकोण कापले. रुंद बाजूला कुस्करलेलं खारट पांढरं चीज ठेवून गुंडाळले. वरून अंड्याचा बलक, तीळ. भट्टीतून काढल्याकाढल्या फडक्याखाली झाकले, म्हणजे वाफ कोंडून ते मऊ राहतात. तिला थोडं करताच येत नाही. परात मोठी आणि हात त्याहून मोठा, तेव्हा ढीग झाला.

मग तिने गव्हावर पिठीसाखर चाळली, अक्रोडांचा क्रूस मांडला, मेणबत्ती लावली, ठेवणीतला झगा घातला आणि उभी राहिली. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. बसायचं पाहुण्यांनी, यजमानाने पायांवर राहून वाढायचं. पाहुणे नसले तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

एक ट्रॅक्टर आला आणि पुढे गेला. कुत्रं एकदा भुंकलं, तेव्हा ती दारापर्यंत जाऊन आली. दुपारी कुंपणापलीकडे यागोदा पानं झाडत होती. तिने वर बघितलं, ठेवणीतला झगा बघितला आणि हात हलवला. रोसांदानेही हलवला. एक शब्द पुरला असता. मला विचाराल तर असल्या मानाला काडी लावावी, पण तो शब्द रोसांदाच्या तोंडून निघाला नाही. यागोदा झाडू टेकवून घरात गेली.

ऊन कललं, तसे तिचे पाय भरून आले. सिनिशाचा फोन यायची वेळ झाली होती. तिने कपाटातून पेले काढले, प्रत्येकात घोटभर राकिया, फळांची कडक दारू, ओतून परत बाटलीत रिकामी केली, म्हणजे काचेला ओल राहिली. किफ्ले मोडून बशांमध्ये चुरा टाकला. खुर्च्या वाकड्यातिकड्या सरकवल्या. हे करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने केलं.

फोनवर सिनिशा पांढऱ्या सदऱ्यात होता. त्याच्या मागे लोक हसत होते, काटेचमचे वाजत होते.

“कुठे आहेत सगळे?” त्याने विचारलं.

“आत्ता गेले बघ. दिवसभर नुसती रीघ.” तिने फोन टेबलावरून फिरवला. पेले, बशा, खुर्च्या.

“थांब, आई. जरा मागे ने.”

तिने मागे नेला. तो पडद्याच्या जवळ आला.

“गव्हाला चमचा लागलेला नाही,” तो हळूच म्हणाला.

उंबरा ओलांडून आलेला माणूस आधी गव्हाचा एक चमचा घेतो, छातीवर क्रूसाची खूण करतो, मग राकिया आणि बाकीचं. लहानपणी दारात ते ताट धरून सिनिशाच उभा असायचा. आणि रोसांदाच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण गव्हाची काळजी तिला कधी करावी लागलीच नव्हती. तो पाहुणेच मोडायचे. साखर तशीच गुळगुळीत होती, अक्रोडांचा क्रूस जागच्या जागी.

“नाही लागला,” ती म्हणाली. “नाताळात ये नि घेऊन जा तसबीर. आपलं ठरलंय तसं.”

“राहू दे तिथेच. तीही आणली तर मी तिकडे कशासाठी येणार?”

“आहे तेव्हा तरी कुठे येतोस रे?”

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. तिकडे यजमान तो होता, त्यालाही उभं राहायचं होतं. शनिवारी नक्की येतो, तो म्हणाला, माझ्यासाठी किफ्ले ठेव. ठेवते, ती म्हणाली.

तिने किफ्ले डब्यात भरले आणि फ्रीजर उघडला. वरच ईस्टरचा डबा होता. तेव्हाही तो येणार होता. तो डबा मागे ढकलून तिने नवा पुढे ठेवला.

मग ती टेबलाशी आली, क्रूस केला आणि गव्हात चमचा घातला. सकाळपासून उभी होती. दाराजवळची पाहुण्याची खुर्ची ओढून ती तिच्यावर बसली आणि खाऊ लागली.