रहीमचाचाच्या नावावर एक स्टार

मालेगावकर मंडळींनो, दुपारपासून कशात मन लागून नाही राह्यलं, म्हणून तुमच्यापाशी लिहितो.

बसस्टँडमागं गाद्या भरणारे रहीमचाचा तुमाले माहीत आहेत. त्यायचं दुकान मोबाईलच्या नकाशावर मीच टाकून दिलं होतं. आज वाशीमच्या एका लॉजवाल्यानं त्यायची मोठी ऑर्डर रद्द केली. काहून, तर म्हणे रिव्ह्यू पाहिला.

मी उघडून पाहिलं. एकच रिव्ह्यू, एक स्टार. "गादीत कचरा भरला. चोर माणूस."

लिहिणाऱ्याचे बाकीचे सारे रिव्ह्यू आपल्या वाशीमकडच्या नाही, नाशिककडच्या मालेगावातले निघाले. राग तिथल्या कोण्या गादीवाल्यावर, अन् नाव खराब झालं आपल्या चाचाचं.

मी तापलो. रिव्ह्यू काढायची तक्रार टाकली, मग वकील मित्राले फोन लावला. तो म्हणे, बदनामीची नोटीस देता येईल, पण आधी तो माणूस कोण हे शोधावं लागेल.

चाचानं माझा हात धरला. "नोटीस कायले बेटा? नाराज आहे तो. त्याले लिही, गादी घेऊन ये, मी फुकट भरून देतो."

"चाचा, तो तुमचा गिऱ्हाईकच नाही. इथं कधी आलाच नाही तो."

"माझ्याच नावावर लिहिलं ना? मले याद राह्यली नसन."

मी निघालो तवा चाचा त्याच्यासाठी चांगला कापूस निवडून बाजूले ठेवत होते.

तुमच्यापैकी कोणी जाऊन समजावता का त्यायले? माझं ऐकून नाही राह्यले.