डाव्याचं डाव्याला

पॅडल पाचव्यांदा फ्लोअरला टेकलं.

"फिर गया," शेर अली सीटवरनं म्हणाला.

मी गाडीखाली पाठीवर पडलेलो. ब्रेक ऑइल कोपरापर्यंत ओघळलेलं. सकाळचे नऊ वाजलेले, ऑक्टोबर लागला होता, तरी पत्र्याच्या शेडखाली नुसती भट्टी. वार गुरुवार. आणि शनिवारी पहाटे म्हाताऱ्याचं जर्मनीचं विमान होतं.

म्हातारा शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीवर कहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसलेला. माझ्या हातातली बाटली कलंडली, तसे त्यानं कान टवकारले.

"ये क्या आवाज?"

"ऑइल की बाटली गिरी, बाबा."

"कौन सा ऑइल?"

आता काय बोलायचं माणसानं!

मी मूळचा कोल्हापूरचा. अबुधाबीजवळ मुसफ्फात, म्हणजे तिथल्या इंडस्ट्रियल एरियात, एका वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. क्रेन, ट्रेलर, पाण्याचे टँकर असली अवजड कामं आमच्याकडं यायची. त्यात ब्रेकचं काम आलं की मालक सरळ माझ्याकडं बोट दाखवायचे. मालकांना सगळे बू सालेम म्हणायचे, म्हणजे सालेमचे वडील. तिकडं माणसाला थोरल्या पोराच्या नावानंच हाक मारतात. खुर्चीवरचा म्हातारा हा त्या बू सालेमचा बाप. शेर अली आमचा पेशावरचा वेल्डर, माणूस अबोल, पण हात सोन्याचा. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची आहे.

तर झालं असं. अल ऐनच्या रस्त्याला बू सालेमचा खजुराचा फार्म होता. तिथं झाडाखाली एका जुन्या अमेरिकन ट्रकची केबिन गंजत पडलेली. इंजिन नाही, चाकं नाहीत, आत कोंबड्या. डांबरी रस्ते व्हायच्या आधी म्हातारा हाच ट्रक वाळूतनं हाकायचा. पाणी, खजूर, माणसं, बकऱ्या, जे मिळेल ते भरून. एक दिवस मालकांनी मला ती केबिन दाखवली आणि एका मासिकातला फोटो पुढं धरला.

"सुभाष, हॉट रॉड. यू कॅन मेक?"

हॉट रॉड म्हणजे अंग जुन्या गाडीचं आणि काळीज नव्या गाडीचं. जुनी बॉडी ठेवायची, खाली चेसिस, इंजिन, गिअर, ब्रेक सगळं दुसऱ्या गाडीतनं काढून बसवायचं. ज्या गाडीतनं काढायचं ती डोनर. आपल्याकडं रक्तदान करणाऱ्याला म्हणतात तेच. मी असलं कधी केलं नव्हतं. पण खरं सांगतो, तो फोटो बघितल्यावर रात्री मला झोप लागेना. हे बसेल का, ते कसं वळेल, रेडिएटर कुठं मावेल, नुसता डोक्यात भुंगा.

डोनर मिळाली भंगारात. मोठी आठ सिलिंडरची सेडान, मागनं ट्रेलरनं चेपलेली, पुढनं एकदम ठणठणीत. काम वर्कशॉपमध्ये नको, घरी करू असं मालकच म्हणाले, कारण म्हाताऱ्याला जवळ बसायचं होतं. त्याचा एक डोळा गेलेला. दुसऱ्यात धूर भरल्यासारखं व्हायचं. जर्मनीतलं ऑपरेशन त्या दुसऱ्याचं होतं. डॉक्टरनं साफ सांगितलेलं, वाचला तर वाचला, नाहीतर आहे तेही जाईल.

"ही मस्ट सी इट मूव्हिंग," बू सालेम मला म्हणाले होते. "बिफोर सॅटर्डे." आणि तोंड फिरवून आत गेले.

म्हणून मग आम्ही दोघं पाच महिने त्यांच्या व्हिलाच्या शेडमध्ये. आणि पाच महिने म्हातारा खुर्चीवर. प्रश्नांचं पोतंच ते. जुन्या काळी बोटीनं मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळं मोडकं हिंदी यायचं. प्रत्येक पार्ट हातात मागायचा, बोटांनी चाचपायचा आणि विचारायचा, "ये क्या? ये क्या करता? ये नहीं तो क्या होता?" सुरुवातीला मला मजा वाटली. तिसऱ्या महिन्यात मी त्याच्या खुर्चीकडं पाठ करून काम करायला लागलो.

आता माझी एक सवय सांगतो, कारण सगळं रामायण तिथनंच झालं. कोल्हापुरात मी ज्या गॅरेजात शिकलो, तिथल्या उस्तादांचा एकच कायदा होता: जिथनं काढलं तिथंच लावायचं. डाव्याचं डाव्याला, उजव्याचं उजव्याला. चुकलं की पाना फेकून मारायचे. त्यामुळं मी कुठलीही गाडी खोलली की पिवळ्या ऑइल पेंटनं प्रत्येक पार्टवर अक्षर काढतो. ‘डा’ किंवा ‘उ’. अठरा वर्षांत माझ्या हातनं एक पार्ट इकडचा तिकडं गेला नव्हता. शेर अलीला अक्षर वाचता यायचं नाही, पण तोही चित्र ओळखल्यासारखा बरोबर उचलून द्यायचा.

पुढच्या चाकांना डोनरचेच डिस्क ब्रेक बसवले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतो तो कॅलिपर. पॅडल दाबलं की ऑइल पाइपमधनं जाऊन तो चिमटा आवळतं. डोनरमध्ये कॅलिपर चाकाच्या मागच्या अंगाला होते. आमच्या गाडीत तिथं स्टिअरिंगचा रॉड घासायला लागला. मग मी जाड प्लेटचे ब्रॅकेट कापले, शेर अलीनं वेल्ड मारले आणि दोन्ही कॅलिपर मागनं पुढच्या अंगाला आणले. डाव्याचा डावीकडंच, उजव्याचा उजवीकडंच. अर्थातच!

आणि पॅडल मऊ. चार वेळा पटापट मारलं की जरा कडक लागायचं, सोडून पुन्हा दाबलं की लोण्यात पाय घातल्यासारखं खाली.

मऊ पॅडल म्हणजे लाइनमध्ये हवा. ऑइल दबत नाही, हवा दबते. मग ब्लीडिंग करायचं. एकानं पॅडल मारून धरायचं, दुसऱ्यानं कॅलिपरवरचं छोटं निप्पल ढिलं करायचं, हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. आमचं सकाळी सहापासनं तेच चाललेलं. "पंप! होल्ड! यल्ला, छोड!" पण बुडबुडा एक येईना. काचेसारखं स्वच्छ ऑइल. हवा नाही तर पॅडल मऊ का, आणि पॅडल मऊ तर हवा कुठं? मला राग यायच्या ऐवजी नवलच वाटायला लागलं. अशी गाडी मी बघितलीच नव्हती.

एक एक करत गेलो. प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळून बघितला, एक थेंब ओला नाही. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलजवळचा मुख्य पंप, कदाचित जुना म्हणून दगा देत असेल. मुसफ्फाला जाऊन नवा आणला, अडीचशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे अडीच हजार रुपये. लावला. मऊ. रबरी होज फुगत असतील म्हणून तेही नवे लावून बघितले. मऊ. मागचे ब्रेक बंद करून फक्त पुढचे ठेवले. मऊच! म्हणजे दुखणं पुढंच होतं, एवढं कळलं. पुढं गाडं अडलं.

बाराच्या सुमाराला बू सालेम बाहेर आले. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, आणि हातात चावी. "खलास? रेडी?"

"नो सर. ब्रेक नाही."

"थोडा भी नहीं?"

"चार दफा मारो तो थोडा."

त्यांनी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सुभाष, फार्म के अंदर चलाएगा. रोड पे नहीं. स्लोली, स्लोली."

"सर, स्लोली जाता येईल. स्लोली थांबता येणार नाही. फार्मवर उतार आहे आणि उताराला पाण्याचा हौद."

हे मी अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत बोललो, पण त्यांना कळलं. चेहरा लाल झाला. "टुमॉरो फ्रायडे. सॅटर्डे फ्लाइट. व्हेन? आफ्टर ही इज ब्लाइंड?"

 पाच महिने मी पण ह्याच दिवसासाठी राबलो होतो की. पण त्यांच्या हातात चावी होती आणि त्यांचा पाय गाडीच्या दाराकडं वळलेला. मी बॉनेटमध्ये वाकलो, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर उचलून खिशात टाकला. एवढासा प्लास्टिकचा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिनात स्पार्क पोचत नाही. आता चावी कितीही फिरवा.

"गिव्ह मी," बू सालेम म्हणाले.

"नो सर."

"माय कार."

"युवर फादर, सर."

अठरा वर्षांत मालकाला पहिल्यांदा नाही म्हणालो.  व्हिसा त्यांच्या हातात, पोरांची शाळा त्या व्हिसावर. बू सालेम अरबीत काहीतरी पुटपुटले आणि पाय आपटत आत गेले. शेर अलीनं माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला.

म्हाताऱ्याला सगळं ऐकू गेलेलं. तो हसत होता. "मेरा ट्रक में ब्रेक नहीं था," तो म्हणाला. "रेत ब्रेक. नरम रेत में डालो, खलास."

"फार्म पे हौद है बाबा, रेत नहीं."

मी पुन्हा खाली सरपटत शिरलो. सहाव्यांदा. एक मात्र सोय होती, ह्या गाडीला निप्पलपर्यंत हात मस्त पोचायचा, खालनं सरळ. त्यावर मी खूशच होतो, बघा. तेवढ्यात म्हातारा खुर्चीवरनं उठला. भिंतीला धरत, मग मडगार्डला धरत चाकापाशी आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. ह्या वेळी चाक मी काढून ठेवलं होतं. त्याची बोटं डिस्कवरनं फिरली, कॅलिपरवर आली, वरनं खाली घसरली आणि माझ्या बोटांना लागली.

"ये क्या?"

"निप्पल."

"ये क्या करता?"

"हवा निकालता."

"हवा नीचे से निकालता?"

"हां बाबा, नीचे से. ऐसाही होता है. बैठो ना आप खुर्ची पे, प्लीज!" मी खेकसलोच.

त्यानं दोन्ही हातांनी पखालीचा आकार करून दाखवला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "पानी का मशक में हवा ऊपर रहता."

माझा हात तिथंच थांबला.

निप्पल वर असतं हो! नेहमी वर असतं. हवा वर जाते म्हणून तर वर ठेवलेलं असतं. पण कॅलिपर मागच्या अंगावरनं पुढच्या अंगाला आणताना तो उलटा झाला होता, वरचं खाली, खालचं वर. निप्पल तळाला. हवा वर मजेत बसलेली, आणि मी सकाळपासनं तळातनं स्वच्छ ऑइल काढून बघत होतो. डाव्याचा उजवीकडं आणि उजव्याचा डावीकडं लावला असता तर निप्पल आपोआप वर आलं असतं. आरशातल्यासारखं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण पार्टवर माझ्याच हातानं ‘डा’ लिहिलेलं होतं.

मी बाहेर आलो, म्हाताऱ्याच्या शेजारी फतकल मारून बसलो आणि त्याचा हात धरला. "बाबा, गलती मेरा. आप सही. मैं आप पे चिल्लाया, माफ करो." मला खरंच लाज वाटत होती. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "अब क्या करता?"

"बदली करता, बाबा."

दीड तास लागला. शेर अलीनं ‘डा’चं चित्र उजवीकडं नेताना माझ्याकडं दोनदा बघितलं, नक्की ना म्हणून. मग पंप, होल्ड, छोड. पहिल्याच झटक्याला निप्पलमधनं थुंकल्यासारखे बुडबुडे फुर्र करून आले. मी आयुष्यात बुडबुडे बघून एवढा खूश झालो नव्हतो. चौथ्या वेळेला शेर अलीचा पाय मध्येच अडला. पॅडल दगड.

मी आत जाऊन बू सालेमना सांगितलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कुणी पकडलं, सगळं. खिशातला रोटर काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत धरून फिरवून बघितला. मग म्हणाले, "फाइव्ह मंथ्स ही इज आस्किंग. टुडे यू लिसन."

"येस सर."

ते हसले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. दुपारनंतर व्हिलामागच्या मोकळ्या मैदानात मी एकट्यानं पंचवीस वेळा गाडी पळवली आणि पंचवीस वेळा थांबवली.

शुक्रवारी नमाजानंतर फार्मवर गेलो. ट्रेलरवरनं गाडी उतरवली. बू सालेम स्टिअरिंगवर, शेजारी म्हातारा. इंजिन लागलं तशा कोंबड्या चहूकडं उधळल्या. झाडांच्या दोन रांगांमधनं गाडी गेली, उतार लागला, मी दातावर दात धरून उभा. हौदाच्या बऱ्याच अलीकडं गाडी गप्पकन थांबली. म्हातारा आत काहीतरी ओरडत होता. मी पळतच गेलो, काय झालं म्हणून. तो पोराला सांगत होता, पुन्हा कर. चालव आणि थांबव. आपल्या ह्या ट्रकला ब्रेक लागतो म्हणजे काय, हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळत होतं. मालकांनी आठ वेळा थांबवून दाखवलं. प्रत्येक वेळी म्हातारा बाहेर बघायचा, खजुराची झाडं थांबली का ते.

ऑपरेशन निम्मंच यशस्वी झालं म्हणायचं. डोळा गेला नाही, पण सुधारलाही नाही. म्हातारा पुढं सहा वर्षं जगला आणि दर शुक्रवारी गाडीत बसायचा.

पार्टवर अक्षर काढायची सवय मी सोडली नाही. आजही काढतो. फक्त त्या अक्षराकडनं एवढीच अपेक्षा ठेवतो की पार्ट कुठनं आला ते त्यानं सांगावं. तो कुठं बसायचा, ते दर वेळी नव्यानं बघावं लागतं.

जर्मनीहून परत आल्यावर म्हाताऱ्यानं एकदा मला उजव्या चाकापाशी बोलावलं. पिवळा पेंट त्याच्या उरलेल्या नजरेलाही दिसला होता. अक्षरावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "ये क्या लिखा?"

"डावा, बाबा. लेफ्ट साइड."

"लेकिन ये तो राइट है."

"हां बाबा," मी म्हणालो आणि ह्या वेळी खाली बसून त्याला सगळं पहिल्यापासनं सांगितलं.