बँडसॉचं बेअरिंग आणि सासूबाई

गेल्या शनिवारी माझं मशीन घरातून जाता जाता राहिलं.

मशीन म्हणजे माझा बँडसॉ. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून पट्ट्यासारखं गरगर फिरणारं करवतीचं पातं. इथे परदेशात, आमच्या ईडन प्रेरी गावात, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरातल्या जुन्या सामानाच्या सेलमधून आणलेलं, बिडाचं, हत्तीसारखं जड... आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगांमध्ये जे डोकं शिजतं, ते त्याच्यासमोर उभं राहिलं की थंड होतं.

पण उन्हाळाभर ते किंचाळत होतं. वरचं चाक लडबडायला लागलं, आणि गुरुवारी पाट कापताना पातं धाडकन चाकावरून उतरलं. मला काही झालं नाही, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

मंदार, म्हणजे माझा नवरा, पळत आला. त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "बस झालं यार आता. विकून टाकू." त्याच्यामागे आई उभ्या होत्या, माझ्या सासूबाई. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि मान फिरवली, तेच मला जास्त लागलं.

आई नागपूरच्या. दरवर्षी काही महिने आमच्याकडे असतात. माझ्या सगळ्या गोष्टींचं त्यांना कौतुक... ड्रायव्हिंगचं, प्रमोशनचं, अगदी बिघडलेल्या पुरणपोळीचंसुद्धा. फक्त या सुतारकामाचं नाही. गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, दोघांच्या लॅपटॉपना लावलं, बर्फ काढायच्या मशीनलाही फूल वाहिलं. माझ्या बँडसॉवरून मात्र ताट तसंच पुढे गेलं. मी हसून सोडून दिलं, पण मनात ते कुठेतरी टोचत राहिलं.

तर मंदारशी तह झाला. शनिवारी वरचं चाक ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग बदलून बघायचं. चाक सरळ फिरलं तर मशीन राहील, नाही तर जाहिरात टाकायची.

नवं बेअरिंग मी सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवलं. थंडीने ते केसभर आकसतं आणि चाकात न ठोकता बसतं, असं एका व्हिडिओत बघितलं होतं. मग पातं काढलं, चाक उतरवलं, आणि जुनं बेअरिंग मागून हलके हलके ठोकत बाहेर काढलं. बोटाने फिरवून पाहिलं तर आत नुसती खरखर... रव्यात बोट घालावं तशी.

फडक्याने ग्रीस पुसलं, तर फडकं लाल.

आधी वाटलं, गंज. पण गंज इतका लालभडक नसतो. चाकाच्या मधोमध जी छोटी टोपी असते ती उलटी करून टेबलावर आपटली, आणि त्यातून एक तांदळाचा दाणा पडला. काळा झालेला, पण तांदूळच. अक्षता!

मी तो दाणा हातात घेऊन तशीच बसले. या चाकापाशी पोचायचं तर वरचं झाकण उघडावं लागतं. माझ्याशिवाय ते कोण उघडणार...

तेवढ्यात आईच गॅरेजमध्ये आल्या. हातात माझं नवं बेअरिंग. "काय गं हे? ओल्या नारळाच्या पिशवीखाली सापडलं. काय करून राहिली तू?" आणि मग त्यांचं लक्ष फडक्याकडे गेलं.

"माझ्यानं बिघडलं का गं?"

खरं सांगायचं तर थोडं त्यांच्यामुळे बिघडलंच असणार. कुंकू, वर पाण्याचा शिंतोडा... बेअरिंगला दोन्ही वर्ज्य. पण ते बेअरिंग मुळात माझ्याहून म्हातारं होतं, तसं मी सांगितलं. मग विचारलं, "पण आई, आतून का? सगळ्यांसमोर का नाही लावलंत?"

"वर लावलं असतं तर तुला वाटलं असतं, मला हे पटलं," त्या म्हणाल्या. "मला नाही पटत. मला भीती वाटते बाप्पा त्याची. म्हणून त्या खंडेनवमीला तुम्ही सगळे जेवायला बसल्यावर आले, झाकण उघडलं, आणि त्याला म्हटलं, हिला सांभाळ."

मी हेअर ड्रायर घेऊन चाक गरम करायला लागले; उष्णतेने त्याचं भोक केसभर फुलतं. बेअरिंग त्यांच्याच हातात होतं. म्हटलं, "तुम्हीच बसवा." त्यांनी दोन बोटांनी ते अलगद ठेवलं, अंगठ्यांनी दाबलं, आणि ते सरकन आत गेलं. चाक चढवलं, पातं लावलं, झाकण बंद करून बटण दाबलं. किंचाळणं नाही, लडबड नाही. मंदार दारात उभा राहून बघत होता. "ठीक आहे, राहू दे," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मी मशीन बंद केलं. मागून आई हळूच म्हणाल्या, "मी नागपूरला असताना दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला बांगड्या दाखव म्हणते ना... ते काय बांगड्यांसाठी होय? तुझी बोटं मोजून घेते मी."

मी ग्रीसने बरबटलेले दोन्ही हात तसेच त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी खरंच मोजली... एकेक बोट धरून, सावकाश.

माझं सुतारकाम त्यांना अजूनही आवडत नाही. आणि आता त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.