सांभाळायला आणलेली

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची मोटार सुटायला अजून वेळ होता आणि आई माझी वेणी दुसऱ्यांदा घालत होती. वेणी सुटली नव्हती. अंगात नवं परकर-पोलकं होतं, इतकं मोठं की परकर कमरेशी दुमडून खोचावा लागत होता. मी कुरकुर केली तर आई म्हणाली, "असू दे. वाढत्या अंगाचं आहे." सुट्टीपुरतं मावशीकडे निघालेल्या आठ वर्षांच्या पोरीला वाढत्या अंगाचे कपडे कशाला शिवतात, हे मला तिथंच कळायला हवं होतं. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "मावशी म्हणजे आईच की." मावशी माझ्या शेजारी बसली होती. मी रडले नाही. मला खिडकीची जागा मिळाली होती.

हे लिहिते आहे ते गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या कुणाच्या तरी घरी पोचवलेल्यांसाठी. एरवी मी पत्रकं लिहिते. पत्रकात वाक्य आखूड लागतं आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगावं लागतं. हे पत्रक म्हणूनच लिहायला घेतलं होतं. जमलं नाही. दमलेही आहे.

तर बेंगळूर. बेळगावहून रात्रभराची गाडी, सकाळी यशवंतपूर. मावशीचे यजमान, ज्यांना मी अण्णा म्हणते, स्टेशनवर आले होते. ते सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, मागे हौद, आणि भिंतीला भिंत लावून पुट्टम्मांचं बिऱ्हाड. मावशीला मूल नव्हतं. पुट्टम्मांनी मला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "निम्म मगळा?" तुझी मुलगी का? मावशी म्हणाली, "अल्ल, अक्कन मगळु." नाही, बहिणीची. मला येणारं पहिलं कन्नड वाक्य हे. शाळेत नाव घालताना तेच, डॉक्टरकडे तेच, हळदीकुंकवाला तेच. मावशी खोटं बोलत नव्हती. पण रोज तेच खरं ऐकून घेणाऱ्या मुलीचं काय होतं, ते मला विचारा.

सुट्टी संपली, कुणी परत न्यायला आलं नाही. मावशीनं हौदापाशी माझं डोकं धुताना सांगितलं, "आता इथंच शीक. तिकडं खाणारी तोंडं जास्त आहेत." मी "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. एव्हाना कन्नड यायला लागलं होतं.

दोन वर्षांनी आई-बाबा बेंगळूरला आले. मला न्यायला नव्हे. माझ्या धाकट्या भावाला, पाच वर्षांच्या सदूला, मावशीला दत्तक द्यायला. आता नीट ऐका. मी त्याच घरात होते, त्याच आईची होते, आधी आले होते. पण मुलगी सांभाळायची असते आणि मुलगा दत्तक घ्यायचा असतो. भटजींनी होम केला. बाबांनी सदूला उचलून मावशीच्या ओटीत घातलं. आईनं तोंडाला पदर लावला होता, धुरानं असेल असं बायका म्हणाल्या. सदूचं नाव बदललं, गोत्र बदललं. पानसुपारीचं तबक माझ्या हातात होतं. जेवणं झाल्यावर अण्णांच्या बहिणीनं सदूला समजावलं, "आता ही तुझी आई. आणि ती निपाणीची, ती मावशी. म्हण बघू." सदू शहाणा, लगेच म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, "आणि ही?" "ही तुझी मावसबहीण." बायका हसल्या. एक म्हणाली, "माय मरो, मावशी जगो, दोन्ही एकाच मांडवात."

तेव्हापासून एका घरात आम्ही दोघं. तो तिला आई म्हणायचा, मी मावशी. त्यानं दूध सांडलं की मावशी त्याला धपाटा घालायची. माझ्या हातून काही सांडलं तर म्हणायची, "असू दे, मी पुसते." मी धपाट्यासाठी झुरले, हे आज लिहिताना हसू येतं. पण कुणी विचारलंच तर सांगते, तेच दत्तकपत्र होतं आणि ते मला मिळत नव्हतं. म्हणून मी सांडायचंच बंद केलं. भांडी घासायची, पहिला नंबर आणायचा, उलटं बोलायचं नाही, आजारी पडले तर शाळेतून आल्यावर सांगायचं. सांभाळलेल्या मुली गुणी असतात असं सगळे म्हणतात. गुणी नसतात हो. घाबरलेल्या असतात.

मी तेरा वर्षांची असताना नवा कायदा झाला. अण्णांनी सकाळी कॉफी पिता पिता पेपरातलं मोठ्यानं वाचलं की आता मुलगीही दत्तक घेता येईल, पंधरा पुरी व्हायच्या आत. मावशी उप्पिट्टू परतत होती. तिचा हात स्वल्प थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी पाटी-दप्तर घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावर जाऊन पंधराला किती महिने उरलेत ते बोटांवर मोजलं. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. त्या दिवाळीच्या सुट्टीत मावशी एकटीच निपाणीला जाऊन आली. आल्यावर तिचं डोकं दुखत होतं. मला वाटलं, प्रवासानं. मग मला चौदा पुरी झाली, पंधराही झाली. कुणी काही बोललं नाही. मी मनाशी निकाल लावून टाकला. दोघींनाही मी नको होते. एकीनं धाडलं, दुसरीनं घेतलं नाही.

माझी सगळी चळवळ त्या निकालातून निघाली आहे, हे आमच्या मंडळातल्या मैत्रिणींना माहीत नाही. कॉलेजात असताना शिवाजीनगरच्या एका छापखान्यात आम्ही पहिलं पत्रक छापलं, "मुलगी ही ठेव नव्हे." बसस्टँडवर उभी राहून वाटलं. शाळेत नोकरी लागल्यावरही संध्याकाळच्या सभा सोडल्या नाहीत. स्टुलावर चढून मी बोलते. लोक म्हणतात, या पोरीला जिभेला हाड नाही. घरी आले की ताट वाढून घेते, कोशिंबिरीत मीठ नसलं तरी सांगत नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. तार आली. मी सुतकात बसले, कारण मी त्यांचीच. सदू, ज्याला ते खांद्यावरून जत्रेला न्यायचे, त्याला दत्तक गेल्यामुळे पूर्ण सुतक नाही. तिसऱ्या दिवसानंतर आंघोळ करून तो कॉलेजला गेला. जाताना दारात थबकून मला म्हणाला, "तुला बरं आहे. तुला रडता तरी येतं." असं तो कधी बोलला नव्हता. मी त्याच रात्रीची गाडी धरली.

तेरावं झाल्यावर आई आणि मी परसात बसलो होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाहुण्यांना पोचवायला गेला होता. आई म्हणाली, "आता जाऊ नको बेंगळूरला. शाळा इथंबी आहे. तू माझी आहेस, मी तुला दिलेली नाही."

माझं डोकं भडकलं. सुतक, जागरण, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, "दिलं नाहीस म्हणजे? पंधरा वर्षं मी तिथं आहे. दिलं नाहीस आणि ठेवलंही नाहीस. निदान द्यायचं तरी होतंस. तिनं मागितलं नाही म्हणून वाचलीस."

आई मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होती, तिनं एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "मागितलं की. कायदा झाला त्या दिवाळीत आली होती. तुझे बाबा हो म्हणाले. माझ्या हो शिवाय चालत नव्हतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सदू आला होता इथं. खेळून आला, घामाघूम. मला म्हणाला, मावशी, पाणी दे." ती खडे बाजूला काढत होती, तांदळात आता खडे नव्हते. "दिलं पाणी. तेव्हाच ठरवलं, दुसरं पोर मला मावशी म्हणणार नाही. तू कुठंबी राहा, पण मला आई म्हण. त्यात तुझं काय गेलं गं? तिथं खायला-ल्यायला होतं, शिक्षण होतं. इथं काय होतं?"

माझ्या पत्रकात या बाईसाठी ओळ नव्हती. तिला दोषी ठरवावं तर तिच्या हातातलं सूप दिसतं. ठरवू नये तर माझी दहा वर्षं दिसतात, मी न सांडता काढलेली. मी एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतं." आई खरोखर गोंधळून म्हणाली, "लेकराला काय विचारायचं?"

हा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, ऐकून ठेवा. दत्तक देताना बापाला विचारतात, आता आईलाही विचारतात, भटजी आणि मुहूर्ताला तर विचारतातच. ज्याला उचलून ओटीत घालायचं, किंवा घालायचं नाही, त्याला कुणी विचारत नाही. एका बाईनं मला मागितलं, दुसरीनं दिलं नाही. दोघींना मी हवी होते, आणि मी मात्र कुणालाच नको म्हणून वाढले.

दोन दिवसांनी मी निघाले. आईला सांगितलं, "येत राहीन. आईच म्हणीन. राहणार नाही." ती म्हणाली, "बरं," आणि डब्यात चटणी भरायला लागली. ती रडली असती तर सोपं गेलं असतं.

बेंगळूरला पोचले तर मावशी ओसरीवर शेंगा फोडत होती. पहिला प्रश्न, "अक्का जेवते का नीट?" मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "तू मला मागितलं होतंस. मला सांगितलं का नाहीस?"

तिनं मला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं. "काय सांगू? तुझी आई नाही म्हणाली, असं सांगू? आणि मग तू तिचं तोंड बघितलं असतंस का?"

"मी तुझं तोंड बघत होते ना! रोज बघत होते, आज घेते का, उद्या घेते का."

"हळू बोल. पुट्टम्मा ऐकतील."

"ऐकू देत. त्यांना तर पहिल्या दिवशीच सांगितलंस, ही माझी नाही म्हणून."

मग मात्र मावशी उसळली. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "दुसऱ्याचं लेकरू माझं म्हणून सांगत फिरू? अक्कानं ऐकलं असतं तर उद्या मोटारीत घालून नेलं असतं तुला. ज्याच्यावर हक्क नाही ते जपून वापरावं लागतं, कळलं? तुझ्यावर हात उचलला नाही तो लाडानं नाही. भीतीनं. स्टुलावर उभी राहून जगाला शिकवतेस, घरात कोण कशाला घाबरतं ते दिसलं नाही होय गं तुला?"

अण्णा कारखान्यातून आले तेव्हा आम्ही ओरडतच होतो. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, दार ढकलून दोघींकडे पाहिलं आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेले. जेवताना मी म्हणाले की आमटीत मीठ नाही. मावशी म्हणाली, "हात मोडलेत का? घे की."

कायद्यानं मी आजही तिची कुणी नाही, आणि आता होणारही नाही. गावी जाते तेव्हा आई माझ्यासाठी चांगलं पातळ काढून ठेवते, पाहुणीसारखं वाढते, आणि मी शहाण्यासारखी वागते. तिच्या हक्काबद्दल माझी तक्रार उरली नाही. तक्रार टिकवायलाही जोर लागतो. इथं मात्र आठवड्यातून एकदा तरी माझं आणि मावशीचं वाजतं, सभांवरून, उशिरा येण्यावरून, लग्नावरून. सदू म्हणतो, पूर्वी हे घर किती शांत होतं.

तुमच्यापैकी जे असे कुणाकडे वाढलात, त्यांनी उपकार मानायचं जरा थांबवा आणि एकदा भांडून बघा. समोरचं माणूस उलटून भांडलं, तर तुम्ही घरी आहात.