मागच्या दाराचा हवालदार

भिलानानांना कोणी ‘सुभेदार’ म्हटलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करत, “हवालदार. सुभेदारी मी कमावलेली नाही.” धुळ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन सुरतेत आलेले. पर्वत पाटियाजवळ आमच्या साड्यांच्या कारखान्यात ते चौकीदार होते आणि मी तिसऱ्या मजल्यावर साड्यांना खडे चिकटवायची. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी मुद्दाम सुभेदार म्हणायची, ते न चिडता दुरुस्त करायचे.

मग शेठचा भाचा मॅनेजर होऊन आला. पंचविशीचा पोरगा. माल चोरीला जातो म्हणून त्यानं मागचं दार बंद करायचा हुकूम काढला. नानांनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, “साब, ऊपर चालीस औरतें हैं, थिनर के डिब्बे हैं. आग लगी तो निकलेंगी कहाँ से?” पोरानं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. “काका, ताला मारो.” नानांनी पुन्हा सलाम केला आणि जाऊन कुलूप लावलं.

माझं डोकंच फिरलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघी हातोडी घेऊन जिना उतरलो, तर नाना कुलपासमोर उभे.

“तोडू देणार नाही, ताई.”

“कसले हो तुम्ही फौजी! त्या शेंबड्या पोराला सलाम ठोकता?”

मनातलं बोलायचं असलं की ते घरच्या अहिराणीवर यायचे. “साहेब चुकस, ताई. हुद्दा चुकत नही.”

“मग आम्ही जळून मरायचं का?”

नानांनी स्टूल ओढलं आणि दाराला पाठ टेकून बसले. किल्ली गळ्यात घातली. म्हणाले, “बर्फातल्या ठाण्यावर साहेबानं चुकीची वाट धरायला लावली. मी तोंडावर नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मग मी सगळ्यांच्या पुढे चाललो.” त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं त्या बर्फातच गेली होती. “हुकूम पटला नाही तर पुढे चालायचं. मागे राहून शिव्या कोणीही देतं.” हा टोला मलाच होता.

पुढच्या फाटकावर पंखा होता, चहा यायचा. ती जागा नानांनी दुसऱ्या चौकीदाराला दिली आणि दोन वर्षं मागच्या दारापाशी, गटाराच्या वासात बसले. डबाही तिथंच खायचे. लघवीला जायचं झालं की जिन्यातून हाक यायची, “ताई, दोन मिनिटं!” मग मी कुरकुरत उतरायची आणि ते किल्ली माझ्या गळ्यात घालायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दार उघडं ठेवण्याचा अर्ज नेऊन द्यायचे, आधी सलाम करून. पोरगा तो वाचायचाही नाही.

आग काही लागली नाही. “काय सुभेदार, आली का आग?” मी चिडवायची. “हवालदार. आणि न येवो, ताई,” ते म्हणायचे. आवाजात थकवा असायचा.

यंदा त्यांच्या पायांना सूज आली ती उतरलीच नाही. मी त्यांच्या नवागामच्या खोलीवर भेटायला गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न, “किल्ली कुठंय?”

“पुढच्या चौकीत. खिळ्याला.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं माझं? तिसऱ्या दिवशी ते गेले.

शिव्यांची उजळणी करत मी ऑफिसात शिरले आणि तोंडातून निघालं, “साब, अर्जी है.”

पोरगाही कंटाळलेला दिसला. “फिर वही?”

“वही.”

“ताला रहेगा.”

“मालूम है. चाबी मुझे दो.”

त्यानं मोबाईल खाली ठेवला. मग त्यानं किल्ली मागवली. मी सलाम केला नाही, तेवढं माझं मी राखलं.

नानांचं मला आजही पटलेलं नाही. कुलूप ते कुलूपच. पण साड्या आणि खड्यांचा डबा मी खाली दारापाशी आणलाय. तिथं उजेड कमी आहे, संध्याकाळपर्यंत डोळे दुखतात. पहिल्या तारखेला अर्ज देते. परवा एका नव्या पोरीनं जिन्यातून हाक मारली, “ओ चौकीदारबाई!”

“कारागीर,” मी म्हटलं. “चौकीदारी मी अजून कमावलेली नाही.”