चोराची पयली पंगत

आमच्या बुढ्याले चर्चचं येड कसं लागलं, हे अख्ख्या आर्णीले माहीत आहे, फक्त हरेकाचं कारण वेगळं आहे. किराणावाला म्हणे, त्याले तिथं तांदूळ भेटत असन. माही नणंद म्हणे, कोणीतरी पाणी मंतरून पाजलं. सलूनवाला म्हणे, उन्हानं डोस्कं सटकलं. इतके शहाणे लोक गावात, पण एकही जण मले इचारत नाई! अवो, मी तिथं होती. डब्बा घेऊन गेलती, आन् जे झालं ते ह्याच दोन डोयानं पाह्यलं.

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणतात, पण नाव घेतल्याशिवाय गोठ पुढं सरकत नाई, म्हून एकदाच घेते. उकंडा. बँडवाला उकंडा. बडा ढोल त्याचा. पोट आन् ढोल एकाच मापाचे, ढोल बांधला का समोरून फक्त टोपी आन् पाय दिसतात. माणूस मनानं मोकळा, तोंडानं त्याहून मोकळा, आन् रागाले आला का डीजेचा बाप. आर्णीपासून ढाणकीपर्यंत कोणाचंही लगन असो, नवरदेव उशिरा येईन पण आमचा बुढा येळेच्या आधी हजर.

त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम. क्लारनेट वाजवे. अरे बाप्पा, काय वाजवे! काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यायले नाचवे. पण दारूच्या नादी लागला. पावसाळ्यात बँडचं सामान आमच्या घरात बंद असते. एका पावसाळ्यात आम्ही वावरात गेलो असताना त्यानं दोन ट्रंपेट, मोठा बाजा, सोताचं क्लारनेट, सगळं नागपूरले नेऊन भंगारात विकलं आन् पळाला. बुढा त्या दिवशी जेवला नाई. सामानासाठी नाई वो, भावासाठी. पण तोंडानं म्हणे, "माह्यासाठी पुंजा मेला." म्याही म्हटलं, मेला तं मेला. दुसऱ्याचे बाजे मागून सिझन काढाची पाळी आमच्यावर आली, मले काय आनंद झाला असन?

दोन वर्षं गेली आन् आमच्या पोरीचं, प्रेरणाचं, लगन जमलं. ढाणकीचं स्थळ, पोरगा गुणाचा. पुंजा तवा पांढरकवड्याच्या रोडवर एका ढाब्यात भांडे घासे. त्याले कुठून खबर लागली कोण जाणे, त्यानं पोरीले फोन केला. म्हणे, दुरून अक्षता टाकतो आन् जातो. बुढ्यानं फोन हिसकला आन् ओरडला, "लग्नात पाय टाकला तं तंगडं तोडीन!"

झालं. पोरगी बापाहून वरची. काकाच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झालेली ती. म्हणे, "काका नाई तं मी बोहल्यावर चढत नाई. बसा वाजवत." पत्रिका वाटून झाल्या, मांडववाल्याले सांगून झालं, आन् घरात बाप-लेक दोघंही तोंड फुगवून बसलेले. लगन लागते का मोडते, हाच मले रात्रंदिवस घोर.

अशातच चर्चचं काम आलं. पाळकसाहेबानं फोनवर साफ सांगतलं होतं, रविवारी पहाटे सणाची मिरवणूक आहे, या. पण बुढ्याचा माणसाच्या तोंडावर भरोसा नाई, कॅलेंडरावर आहे. त्याचा जिंदगीभराचा नियम, तारीख लाल दिसली का वाजवाचं. आन् शुक्रवार लाल होता, मोठी सुट्टी. "रविवार तं हर हप्त्याले लाल असते," म्हणे, "साहेब बोलता बोलता चुकले असन." आन् शुक्रवारी पहाटे लाल कोट, टोपीवर तुरे, अख्खी पार्टी चर्चसमोर उभी.

चर्चले कुलूप. बुढ्याले त्याचं काहीच नवल वाटलं नाई. लग्नात हेच असते, पत्रिकेवर मुहूर्त सकाळचा आन् नवरदेव दुपारी. पार्टी लिंबाखाली पसरली. दुपारी मी डब्बा घेऊन गेली तवा कुठं लोक येऊन राह्यले होते. पांढरे कपडे, पांढरे लुगडे, माना खाली. बुढा म्हणे, "पाय कौसल्ये, लाजून राह्यले लोक. माहोल बनवा लागन." आन् ढोल बांधला आन् वरातीतली सगळ्यात धिंगाण्याची चाल ठोकली, धाडधाड धाडधाड!

अवो माय! लोक गेटातच थिजले. एका म्हाताऱ्याचा पाय मात्र सवयीनं हालला, म्या पाह्यला. पाळकसाहेब हात जोडून पळत आले. "उकंडाजी, थांबवा, थांबवा! आज प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. तुमचं रविवारी होतं, प्रभू जिवंत उठला त्या सणाचं!" ढोल थांबला, पण ट्रंपेटवाला डोये मिटून वाजवे, त्याले पाठीत बुक्की घालून थांबवा लागलं. मी पदर तोंडात कोंबून हसून राह्यली होती, खोटं कायले सांगू.

बुढ्याचा चेहरा मात्र उतरला. मयतीच्या दारात वरात वाजवली म्हणजे काय! त्यानं टोपी काढली. मयतीच्या घरी गेलेला माणूस टेकल्याशिवाय वापस जात नाई, हे आमच्या इकडचं वळण. "थोडं बसून जातो, साहेब," म्हणे. त्याचा इचार मागं चपलापाशी बसाचा होता. पण चर्चमध्ये मागच्या जागा पयले भरतात, हे आम्हाले काय ठाऊक? रिकामा बाक फक्त सगळ्यात समोरचा. तिथंच बसवलं आम्हाले. मागं सारे पांढरे कपडे, समोर आमची लालभडक रांग, आन् रांगेच्या टोकाले मी, मांडीवर डब्बा.

भिंतीवर लाकडाचा क्रूस. ना फूल, ना हार, ना लायटिंग. क्रूसावर टांगलेला असताना येशू सात वाक्यं बोलला, त्या दिवशी एकेका वाक्यावर एकेक जण बोलते. पयलं वाक्य खिळे ठोकणारायसाठी, का बापा, यायले माफ कर. बुढा माह्या कानात म्हणे, "ठोकणारायलेच?" म्या म्हटलं, "चूप बसा."

दुसऱ्या वाक्याले लीलाबाई उभ्या राह्यल्या. म्हाताऱ्या, चष्मा दोरीले बांधलेला, पण आवाज भाजीबाजारातला. म्हणे, "तीन क्रूस होते. मधात प्रभू, दोन्ही बाजूले चोर. खरेखुरे चोर. त्यातला एक म्हणे, माही आठवण ठेवजा. बस, इतकंच म्हणे. आन् प्रभू त्याले म्हणे, आजच तू माह्यासंगं सुखलोकात असशील. चेले मागं राह्यले, आई मागं राह्यली, पयले आत गेला तो चोर."

आमचा बुढा ताडकन उभा. "बाई, थांबा! चोर? पयल्या पंगतीत?"

लीलाबाईनं चष्मा सावरला. "हो जी. पयल्या पंगतीत."

तुम्हाले हे समजाले बँडवाल्याच्या घरी जलम घ्यावा लागन. लगन आमच्या दमावर नाचते, पण आमची पंगत शेवटची. वऱ्हाडी जेवले, गावकरी जेवले, मंग मांडवाच्या मागं आमच्या पत्रावळी. तोवर बुंदी सरलेली आन् वरणात पाणी. उभ्या जिंदगीत आमच्या बुढ्यानं पयली पंगत फक्त दुरून पाह्यली.

"आन् चोरलेला माल?" बुढा काही बसेना. "वापस केला त्यानं?"

"हातात खिळे होते, दादा. कुठून करन?"

"मंग असंच घेतलं?"

"असंच. त्याच्या बदली प्रभूनं भोगलं."

"आन् लोक काही बोलले नाई?"

"लय बोलले जी. अजून बोलूनच राह्यले."

मरणाच्या दिवशी अख्खं चर्च हसलं! पाळकसाहेबानं रुमाल तोंडाले लावून खोकल्याचं सोंग केलं. फक्त बुढा हसला नाई. धपकन खाली बसला आन् त्या लाकडाकडं पाहात राह्यला. त्याले तिथं कोण दिसून राह्यलं, हे मले बरोबर समजलं.

घरी येताना तो पुरा येड्यावानी. पयले खुशीत दोन पावलं रस्त्यावरच नाचला. "कौसल्ये, आपल्याले पयल्या पंगतीत घेते वो तो! हात हालवत गेलं तरी घेते!" मंग चौकात थांबला आन् तोंड वाकडं केलं. "पण मंग पुंज्यालेही घेईन न." म्या म्हटलं, "घेऊ द्या, आपल्याले काय?" "आपल्याले काय कसं? माह्या बाजूच्याच पत्रावळीवर बसवन न त्याले!"

शनिवारी दिवसभर तो त्या क्रूसावर चिडून होता. "इतकं सस्तं ठेवाचं असते काय कुठं?" म्हणे. जराशानं सोताच म्हणे, "सस्तं कुठं, जीव गेला त्याचा." जेवता जेवता घास हातात धरून थांबला. "खिळे ठोकलेला माणूस चोराले जेवाले बोलावते, आन् मले माहा भाऊ पचत नाई." म्या म्हटलं, "पयले भाकर पचवा."

रविवारी पहाटे त्यानं असं वाजवलं, असं वाजवलं का लीलाबाईसुद्धा चष्मा सांभाळत नाचल्या. मिरवणूक संपल्यावर बुढा त्यायले म्हणे, "बाई, आमच्यासारख्यायची पंगत कितवी असते तुमच्याकडं?" त्या म्हणे, "तिथं दुसरी पंगत नाईच, दादा. मीही त्या चोराच्या मागंच घुसली." बुढ्यानं त्यायच्या पायाले हात लावला, पार्टीले गाडीत कोंबलं आन् ओरडला, "चाला पांढरकवड्याले!"

"तिथं कोणाचं लगन?" म्या इचारलं.

"तू बस तं!"

ढाब्यासमोर उतरल्याबरोबर वरातीची चाल सुरू. ट्रकवाले खाटेवरून उठून नाचाले लागले, एक तं भाजीची प्लेट हातात घेऊनच. आवाज ऐकून पुंजा मागून आला. भावाले पाह्यलं आन् हातातली कढई टाकून जो सुटला! त्याले वाटलं, तंगडं तोडाले आले. पुढं पुंजा, मागं बुढा, पोटावर ढोल. पुंजा दोन ट्रकायच्या मधून पार निघाला. बुढाही घुसला, आन् ढोल फसला. ना पुढं ना मागं. तिथूनच बोंबलला, "अबे थांब! माराले नाई, जेवाले बोलवाले आलो!"

पुंजा थांबला. दुरूनच म्हणे, "दादा, माह्याजोळ वापस द्याले काहीच नाई."

"म्या मागतलं काय? पयले मले इथून काढ!"

ज्या हातानं बाजे विकले त्याच हातानं त्यानं भावाले ओढून काढलं. मंग दोघं गळ्यात पडाले गेले तं मधात ढोल, हात काही पुरेना. बुढा रडे आन् हसे, हसे आन् रडे. ट्रकवाल्यायनं टाळ्या वाजवल्या.

आन् मी? मी गाडीतून उतरली नाई. नाईच उतरली. भाऊ त्याचा, देव त्याचा. पण दोन वर्षं दारोदार बाजे मागाले कोण गेलं? मी गेली. माह्या मनात पुंजासाठी चिमूटभर जागा नव्हती.

पोरगी हसत बोहल्यावर चढली, लगन झालं. पयल्या पंगतीले बुढ्यानं पुंजाले हात धरून वऱ्हाड्यायच्या रांगेत बसवलं, आन् त्याच्या बाजूले सारे बँडवाले. नवरदेवाचा मामा म्हणे, "हे काय जी, वाजंत्री पयले?" बुढा म्हणे, "वरून हुकूम आहे जी." मामानं वर पाह्यलं, वर मांडवाचं कापड.

वाढाले मी. बुंदीचं भांडं घेऊन पुंजासमोर आली आन् माहे पाय थांबले. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. वर पाह्यलं नाई. "वहिनी, मले नका वाढू. मी मागून खाईन."

त्याचा हात पाह्यला. क्लारनेटवर फिरणारे ते बोटं, भांडे घासू घासू फाटलेले. माहा राग लय मोठा होता हो, सांभाळून ठेवलेला. तो कुठं गेला, मले समजलंच नाई.

"हात काढा, भाऊजी," म्या म्हटलं. तो गेल्यापासून हे भाऊजी माह्या तोंडातून निघालं नव्हतं. हात काढला त्यानं, आन् म्या वाढलं, पत्रावळीबाहेर सांडेपर्यंत वाढलं.

पयल्याच घासाले त्याच्या डोयाले धार लागली. मामा म्हणे, "भाजी तिखट झाली काय जी?"

"हो," म्या म्हटलं, आन् पदरानं माहे डोये पुसले. "लय तिखट झाली."